हिरामणची झोप

धाटावच्या कंपनीत अकरा वर्षं नोकरी करून हिरामण घरतने एकच नाव कमावलं होतं, की हा माणूस डुलकी घेत नाही. बॉयलरवर काम करणाऱ्याला हे नाव म्हणजे मोठीच गोष्ट. बॉयलरच्या पुढ्यात एक उभी काच असते, तिच्यात पाणी दिसतं. पाणी खुणेच्या खाली उतरलं तर पंप चालू करायचा, वर चढलं तर बंद. ऐकायला एवढंसं काम, पण आठ तास त्या काचेवरून नजर हलवायची नाही. रात्रपाळीत भल्याभल्यांच्या माना पडायच्या. हिरामणची कधी पडली नाही. पाळी संपली आणि बदलीचा माणूस उगवला नाही, तर कुरकुर न करता तो पुढची पाळीही ओढायचा. साहेब म्हणायचे, "हिरामण आहे ना, मग बघायला नको." त्या एका वाक्यावर हिरामण आणखी आठ तास उभा राहायचा. याला इमानदारी म्हणायची की कौतुकाची चटक, कोण जाणे. दोन्ही होतं म्हणा.

कंपनीत न घेतलेली झोप मग घरी यायची. रोह्यात अष्टमीच्या बाजूला एका चाळीत त्याच्या दोन खोल्या होत्या. बायको गिरजा, मुलगी समीक्षा आणि तिच्याहून तीन वर्षांनी धाकटा निकेश. हिरामण सकाळी आठला घरी यायचा, चहात बुडवून दोन पाव खायचा आणि आतल्या खोलीत आडवा व्हायचा. तिथून पुढे घरात टाचणी पडायची सोय नव्हती. शिट्टी नको म्हणून गिरजा कुकर तो यायच्या आधीच उरकून घ्यायची. बादली ठेवायची ती गोणपाटावर. दाराच्या कडीला चिंधी गुंडाळलेली. पोरं चपला बाहेरच काढून हातात घेऊन आत यायची.

हे सगळं एका दिवसात झालं नव्हतं. एकदा निकेश फरशीवर भोवरा फिरवत होता. हिरामण आतून उठून आला, भोवरा गटारात फेकला आणि पोराला असा बदडला की शेजारची कृष्णाबाई मध्ये पडली. तेव्हापासून दोघं भावंडं खुणांनी बोलायला शिकली. गालाला हात लावला की बाबा झोपलेत. पोटावर दोन बोटं म्हणजे भूक लागली. भांडणसुद्धा मुक्याने चालायचं, नुसते चिमटे आणि डोळे वटारणं. कृष्णाबाई म्हणायची, "गिरजे, तुझ्या घरात पोरं हायत असं वाटत नाय गो." हिरामण हे कंपनीत जाऊन सांगायचा. माझी पोरं शिस्तीची, म्हणायचा, आणि छाती फुगवायचा. आज त्याला तीच छाती बडवून घ्यावीशी वाटते, पण ती पुढची गोष्ट.

एक्क्याण्णव सालच्या दिवाळीआधी समीक्षाच्या वर्गातली एक मुलगी शहरातली बाग बघून आली. पनवेलच्या पुढे नवं शहर वसत होतं, तिथे मोठी बाग झाली होती आणि बागेत मुलांसाठी वेगळंच मैदान. साखळीला टांगलेले टायर, चढायला जाळी, रांगत जायला मोठाले पाइप, आणि दोन लाकडी मचाणांच्या मध्ये बांधलेला दोरीचा पूल. पुलाला फळ्या लांब लांब लावलेल्या, मधून खालची जमीन दिसते आणि चालायला लागलं की सगळा पूल हलतो. ती मुलगी तो पूल पार करून आली होती आणि आठवडाभर वर्गात दुसरं काही बोलत नव्हती.

समीक्षा दहा वर्षांची. तिला उंचावर गेलं की घेरी यायची, माळ्यावरची भांडी काढायलासुद्धा ती तयार नसायची. पण त्या पुलाने तिच्या डोक्यात घर केलं. एके संध्याकाळी हिरामण उठून चहा पीत बसला होता, तेव्हा ती जवळ येऊन म्हणाली, "बाबा, आपण जाऊया? पण तुमी खाली उभं राहायचं. मी पडले तर झेलायचं."

"पडशील कशाला? हा बघ, असा उभा राहतो." हिरामणने कप खाली ठेवला आणि दोन्ही हात वर केले. "मी खाली आणि तू वर. नजर नाय हलवायचो. काचेवर ठेवतो ना, तशी ठेवीन."

पोरीला एवढं पुरलं. त्या दिवसापासून ती पडवीत खडूने दोन रेघा ओढायची, मध्ये आडव्या फळ्या काढायची आणि त्यांच्यावरून पावलं टाकत सराव करायची. अर्थातच अनवाणी, आणि बाप आत झोपलेला असताना आवाज न करता.

दिवाळी गेली, नाताळची सुट्टी गेली. कधी पाळी आडवी यायची, कधी गावाकडचं काम. शेवटी जानेवारीतला एक रविवार ठरला. शनिवारी हिरामणची दुपारची पाळी होती, तीन ते अकरा. म्हणजे रात्री घरी यायचं, झोपायचं आणि सकाळची पॅसेंजर धरायची. पेणपुढच्या जिते गावी हिरामणच्या आईला निरोप गेला, कारण गाडी तिच्या गावावरूनच जाणार होती. गिरजाने मुलांचे कपडे घडी करून उशाखाली ठेवले.

आता शनिवारी झालं ते सांगतो. रात्रपाळीला जनू यायचा होता. तो आला, पण कामाच्या कपड्यांत नाही. मेव्हण्याचा साखरपुडा होता आणि पाहुणे घरी खोळंबले होते.

"हिरामण, आजची रात बघशील?" जनू म्हणाला. "दुसरा कोण नाय म्हनंल. तूच एक हायस."

तूच एक हायस. झालं. माणसाने म्हणावं की नाही रे बाबा, उद्या पोरांना घेऊन जायचंय. जनू काही वाईट माणूस नव्हता, समजून परत फिरला असता. हे हिरामणलाही ठाऊक होतं. पण नाही हा शब्द त्याच्या तोंडातून अकरा वर्षांत बाहेर पडला नव्हता आणि त्याही दिवशी पडला नाही. "जा, जा," तो म्हणाला. "एक रात तर हाय." आणि पुन्हा काचेसमोर जाऊन बसला.

सकाळी सातला सुटला तो तसाच स्टेशनवर आला. रात्रीच घरी निरोप गेला होता, म्हणून गिरजा मुलांना घेऊन फलाटावर उभी होती. निकेशने नवा शर्ट घातला होता, समीक्षाच्या दोन वेण्यांना लाल रिबिनी. गिरजाने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिकिटं त्याच्या हातात दिली.

गाडीत हिरामण झोपला नाही. झोपणार कसा, पोरांना सगळं दाखवायचं होतं. नागोठणं गेलं, पेण आलं. पेणच्या पुढे त्याने निकेशला खिडकीशी उभं करून खाडीकडे हात दाखवला. तिकडच्या मिठागरात आजोबा काम करायचे, पाय मिठाने फाटायचे, म्हणून मला कंपनीत लावला, वगैरे. पोरं हसत होती, प्रश्न विचारत होती, आणि आपला बाप दिवसाढवळ्या जागा आहे याचीच त्यांना मोठी मौज वाटत होती.

जित्याला त्याची आई धोंडुबाई फलाटावर गाठोडं घेऊन उभी होती. तांदळाच्या भाकऱ्या, वालाची उसळ आणि नातवंडांसाठी तिळाचे लाडू. खिडकीतून गाठोडं देताना तिने मुलाला निरखून पाहिलं.

"डोळं किती लाल झालंय रं तुझं. रातचा निजला नाय का तू?"

"निजलो होतो."

"मला नको शिकवू." मग ती सुनेकडे वळली. "गिरजे, जरा वेळ त्याला निजू दे गो. माणूस हाय तो, इंजिन नाय."

गाडी सुटली तरी ती हात हलवत उभी होती. सासूचं म्हणणं गिरजाने मनात ठेवलं. सुनेने सासूचं ऐकावं असे दिवस थोडे, त्यांतला नेमका तो निघाला.

पनवेलला उतरून एसटीने ती बागेत पोचली तेव्हा अकरा वाजले होते. मैदान खरंच त्या मुलीने सांगितलं होतं तसं होतं. पोरांचा नुसता गलका चालला होता. कोण टायरवर लोंबकळतंय, कोण पाइपात तोंड घालून ओरडतंय, आयाबाया हाका मारतायत. समीक्षा आणि निकेश आधी कुंपणाजवळ उभीच राहिली. एवढी मुलं एवढ्या मोठ्याने ओरडतात आणि त्यांना कोणी काही म्हणत नाही, हे त्यांनी बघून घेतलं. मग हिरामणने निकेशच्या पाठीवर थाप मारली, "जा की!" आणि दोघं धावली. तासभर हिरामण त्यांच्या मागे मागे होता. जाळीवर चढणाऱ्या निकेशला त्याने ढुंगणाला हात लावून वर ढकललं. टायरवर बसलेल्या समीक्षाला झोका दिला तेव्हा ती किंचाळली, अगदी इतर मुलींसारखी किंचाळली, आणि लगेच दोन्ही हात तोंडावर ठेवून तिने बापाकडे पाहिलं. हिरामण हसला. "ओरड गो, ओरड!" ती पुन्हा ओरडली. तिचा तो आवाज त्याने पहिल्यांदाच ऐकला. तो तेवढा एक तास हिरामणने आजवर जपून ठेवला आहे.

पूल मात्र बंद होता. दोऱ्या आवळायचं काम चाललं होतं. खाकी टोपीवाला रखवालदार म्हणाला, दोन वाजता सुरू होईल, रांग लावावी लागेल, एका वेळी एकच मूल सोडतो. समीक्षाने पुलाखाली जाऊन वर पाहिलं आणि खालची जागा पायाने आखून दिली. "बाबा, तुमी हितं उभं राहा."

"हितंच."

मग ती सगळी एका झाडाखाली जेवायला बसली. भाकरी पोटात गेली, वर झाडाची सावली, आणि हिरामणच्या अंगातले सोळा तास एकदम खाली बसले. "पाच मिनिटं पाठ टेकतो," तो म्हणाला. "समी, दोनला उठव मला. रांगेत जाऊन उभी राहा आणि नंबर आला की हाक मार. मार हां."

समीक्षाने मान हलवली. हिरामणने हाताची उशी केली. वर पानांतून ऊन हलत होतं, ते त्याने दोन-तीनदा पाहिलं असेल.

तो उठला तो शिट्टीने. कर्कश, लांबलचक शिट्टी. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला असं वाटून तो धडपडत उठला आणि "पाणी बघा, पाणी!" म्हणून ओरडला. समोर बॉयलर नव्हता. ऊन पार कलून कुंपणापलीकडे गेलं होतं, गवतावर शेंगांची टरफलं पडली होती, माणसं फाटकाकडे चालली होती. रखवालदार मैदान बंद करत शिट्टी मारत होता. आणि हिरामणच्या पायाशी त्याची दोन्ही मुलं शेजारी शेजारी बसली होती. दोघांच्या चपला त्यांच्या मांडीवर होत्या. खाली वाळलेला पाला होता आणि चपलांनी तो वाजतो.

"किती वाजले?"

"साडेपाच," गिरजा म्हणाली.

"पूल?"

हिरामणने समीक्षाचा हात धरला आणि तसाच अनवाणी धावत पुलापाशी गेला. रखवालदार मचाणाच्या शिडीला साखळी लावत होता. हिरामणने त्याला विनवलं, एकच पोर आहे म्हणाला, एकदाच जाऊ द्या, रोह्यावरून आलोय. रखवालदार म्हणाला, वेळ म्हणजे वेळ, मी एकाला सोडलं तर सगळे येतील. उद्या या. हिरामणला त्याचा राग येईना. स्वतः तो त्याच्या जागी असता तर हेच म्हणाला असता.

समीक्षाने हात सोडवून घेतला आणि उलट त्याचीच समजूत काढली. "राहू दे बाबा. पुढच्या टायमाला जाऊ."

परतीच्या गाडीत निकेश आईच्या मांडीवर झोपला. गिरजाने बोलायला काही नव्हतं म्हणून की काय, एक गंमत सांगितली. दुपारी एक बाई तिच्या शेजारी येऊन बसली होती, चांगली शिकलेली, शहरातली. बराच वेळ समीक्षा आणि निकेशकडे बघत होती. मग हळूच तिने विचारलं, "तुमची मुलं जन्मापासूनच मुकी आहेत का हो?"

"म्हंजे?" हिरामणने विचारलं.

"तुमी झोपला होताव ना. ती आपली घरच्यासारखी खेळत होती. हातांनी. पाइपात शिरली, टायरवर बसली, पण हूं नाय का चूं नाय. त्या बाईला वाटलं मुकी हायत." गिरजा हसली. समोरचा एक माणूसही हसला. समीक्षा हसली. हिरामणही हसला, आणि मग खिडकीबाहेर बघू लागला. जिते आलं तेव्हा त्याने फलाटाकडे पाहिलं नाही. आई नक्की विचारील, निजलास का, म्हणून.

पुढचा टाइम आलाच नाही. पुढल्या वर्षी धोंडुबाई गेली. त्याच्या पुढल्या वर्षी गिरजाच्या पोटाचं ऑपरेशन. मग समीक्षाच्या परीक्षा. दर जानेवारीत हिरामण म्हणायचा, या खेपेला नक्की, आणि समीक्षा म्हणायची, "व्हय बाबा." एका वर्षी तो असंच म्हणाला तेव्हा त्याच्यासमोर साडी नेसलेली मुलगी उभी होती, शाळेच्या कार्यक्रमासाठी नेसली होती, आणि पुलाचं वय निघून गेलं हे त्याला एकदम दिसलं. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही.

अठ्ठ्याण्णवमध्ये कंपनीने नवा बॉयलर आणला. तो स्वतःचं पाणी स्वतः बघायचा. हिरामणला स्टोअरमध्ये दिवसपाळी दिली. आता तो रात्री माणसासारखा झोपायचा, दिवसा घरी असला तर जागा असायचा, आणि दिवसा घर कसं असतं हे त्याला अठरा वर्षांनी कळलं. घरात कोणी बोलत नव्हतं. दाराच्या कडीला अजून चिंधी होती. त्याने ती सोडून टाकली, तर दोन दिवसांनी गिरजाने सवयीने नवी बांधली. त्याने एक टेपरेकॉर्डर आणला आणि मोठ्याने लावला. समीक्षा स्वयंपाकघरातून आली, आवाज बारीक केला आणि परत गेली. तिच्या लक्षातही आलं नव्हतं. एकदा त्याने मुद्दाम पितळी थाळी हातातून सोडली. तिघंही दचकून दाराशी आली, आणि निकेशच्या चेहऱ्यावर जे भय होतं ते बघून हिरामणने पुन्हा तसला खेळ केला नाही.

बारावीनंतर समीक्षाला शहरात नर्सिंगला जागा मिळाली. नव्व्याण्णवच्या ऑगस्टमध्ये हिरामण तिला हॉस्टेलवर सोडायला गेला. ट्रंक ठेवली, सह्या झाल्या, आणि तासभर हाताशी होता. बाग तिथून दोन स्टॉपवर होती. "चल, बघून येऊ," तो म्हणाला. ती कुरकुर न करता निघाली.

मैदान होतं, पण पूल काढून टाकलेला. एक मचाण पाडलं होतं, दुसऱ्याचे नुसते खांब राहिले होते आणि त्यांना कोणीतरी कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती. समीक्षाने खूण करून दिलेली जागा कुठली, ते हिरामणला नेमकं सापडलं. तो तिथे जाऊन उभा राहिला. आठ वर्षं जे विचारलं नव्हतं ते त्याने विचारलं.

"समी, मी तुला उठव म्हनून सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतंत."

"मग उठवलं का नायस?"

"आलेले मी." ती सहज म्हणाली. "तीनदा आलेले. दोनदा नंबर सोडला. तिसऱ्यांदा एकदम तुमच्या डोक्याशी येऊन बसले. पण हात लावायचं धाडस नाय झालं."

"हाक तरी मारायची."

"तुमी मारता, बाबा."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. आंब्याच्या झाडाला आंबे लागतात असं सांगावं तसं तिने सांगितलं. मग त्याचा चेहरा बघून ती घाईने बोलू लागली. ती तिसरीत असताना एकदा तो नाईट करून आला होता. दहाला उठव म्हणाला, बँकेत जायचंय. तिने दहाला खांद्याला हात लावला आणि त्याने झोपेतच तिच्या कानाखाली वाजवली. दोन दिवस तिच्या कानात गुणगुणत होतं. मग बारा वाजता तो आपण होऊन उठला आणि उठवलं नाही म्हणून पुन्हा ओरडला. "तुमाला नसंल आठवत. तुमी झोपेत होताव. आई म्हनाली, बोलू नको, बाबा दमलेत."

हिरामणने आठवून पाहिलं. खूप आठवून पाहिलं. काहीच नव्हतं तिथे. ज्या हाताने मारलं तो हात त्याच्याजवळ होता, आणि त्याला त्याची खबरही नव्हती. तो म्हणाला, "गो बाय, मला..." समीक्षा म्हणाली, "बाबा, तुमची गाडी चुकंल."

घरी आल्यावर त्याने गिरजाला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. "व्हय," ती म्हणाली. "एकदा नाय. निकेशला पन."

"मला कधी सांगितलं नायस."

"सांगून काय झालं असतं? तुमी काय मुद्दाम केलंव?" आणि तिने सुपातला खडा काढून बाजूला टाकला. तिच्या मते तो विषय तिथे संपला.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी समीक्षा घरी आली. रात्रभर वॉर्डात ड्युटी करून सकाळची गाडी धरून आली होती, आणि संध्याकाळी परत हजर व्हायचं होतं. एवढ्या धावपळीत कशाला यायचं, तर भाऊबीजेला सुट्टी मिळाली नव्हती आणि निकेशला ओवाळायचं राहिलं होतं. तिने घाईघाईने ओवाळलं, चहात पाव बुडवून खाल्ला, आणि तिचे डोळे हिरामणला दिसले. लाल झाले होते. जित्याच्या फलाटावरची आई त्याला आठवली.

"जरा पाठ टेकते," समीक्षा म्हणाली. "बाबा, तीनला उठवा हां. चारची गाडी हाय."

"उठवतो."

ती आतल्या खोलीत त्याच्याच जागेवर झोपली. हिरामण दारात पाट घेऊन बसला. गिरजाने कुकर लावायला घेतला, तर त्याने हाताने नको म्हटलं. निकेश बाहेरून आला, तर त्याने गालाला हात लावून दाखवला. ती खूण त्याला येत होती हे निकेशला माहीत नव्हतं. पोरगा थबकला, मग चपला हातात घेऊन आत आला. तीन तास हिरामणने तिच्यावरून नजर हलवली नाही. तिचा श्वास वर जात होता, खाली येत होता. कपाळावर केस आले होते. एकदा ती झोपेत कुशीवर वळली. एवढं बघणं त्याने आयुष्यात फक्त कंपनीच्या काचेला दिलं होतं.

तीन वाजले. तो उठून तिच्या डोक्याशी जाऊन उभा राहिला. हात पुढे केला आणि मागे घेतला. दहा वर्षांची पोर अशीच तीनदा येऊन उभी राहिली असेल. तिला बापाचा हात ठाऊक होता. हिरामणला तर कसलंच भय नव्हतं, तरी त्याचा हात पुढे होईना.

"उठवा की," गिरजा बाहेरच्या खोलीतून म्हणाली. "गाडी जाईल तिची."

तो खाली बसला. दोन बोटांनी तिच्या खांद्याला स्पर्श केला, आणि जेवढा मऊ करता येईल तेवढा आवाज मऊ करून म्हणाला, "समी. ऊठ बाय. तीन वाजले."

समीक्षा ताडकन उठून बसली. डोळे उघडे होते, पण ती अजून जागी झाली नव्हती. तिने पाठ भिंतीला लावली, एक हात कानावर धरला आणि भरभर म्हणाली, "मी नाय केला, बाबा. मी नाय केला आवाज. निकेश पन गप हाय."

मग तिची नजर ठिकाणावर आली. समोर बाप बसलेला दिसला. "वाजले का तीन?" म्हणत तिने केस सारखे केले आणि तोंड धुवायला मोरीकडे गेली. काय बोलून गेली ते तिला कळलं नव्हतं. हिरामण तिथेच बसून राहिला. गिरजाने चहा ठेवला, निकेशने तिची पिशवी दारात आणून ठेवली, आणि निघताना समीक्षा पाया पडायला वाकली तेव्हा हिरामणने आपला उजवा हात तिच्या डोक्यावर ठेवण्याआधी दोनदा धोतराला पुसला.